बस-बे हवा, की रस्त्यालगतचाच थांबा बरा?

पंचायतीत नव्या थांब्याचा विषय निघाला की मत आधीच ठरलेलं असतं: बस-बे, म्हणजे रस्त्याच्या कडेला बससाठी आत घेतलेली जागा, करा; बस बाजूला शिरेल, मागची रांग मोकळी. महामार्ग 66 वर ते बरोबरच आहे. भरधाव गाड्यांपुढे बस रस्त्यात उभी करणं म्हणजे अपघाताला आमंत्रण.

घोळ होतो तो गोव्यातल्या फोंडा, डिचोली, म्हापशाच्या बाजारातल्या रस्त्यांवर. आत शिरलेल्या बसला बाहेर पडायला फट मिळत नाही. स्कूटरवाले एकामागून एक दामटतच राहतात. ड्रायव्हरला हे पाठ असतं, म्हणून तो नाक आत घालतो आणि शेपूट रस्त्यावर ठेवतो. त्यात बेच्या तोंडाशी दोन मोटारी, संध्याकाळी रस-ऑमलेटचा गाडा, पावसात घोटाभर पाणी. बस आत जातच नाही.

रस्त्यालगतच्या थांब्यावर बस आपली लेन सोडत नाही. मागचे थोडे खोळंबतात, पण माणसं चढली की बस सुटते. जिथे कडेला पार्किंग आहे तिथे फुटपाथच बसच्या दारापर्यंत पुढे काढावा. बसला तिरकं आत-बाहेर करायला लागणारी लांबी वाचते, पार्किंगही कमी जातं. दुकानदारांना हे आधी सांगितलेलं बरं!

मात्र बस रेंगाळत असेल तर हा हिशेब उलटतो. सरकारी कदंब महामंडळाच्या पणजी-मडगाव शटलचं तिकीट खिडकीवरच काढून होतं, त्यामुळे चढताना खोळंबा नाही. काही खाजगी बसचा कंडक्टर मात्र दारात लोंबकळत ‘पणजी, पणजी’ ओरडत गिऱ्हाइकाची वाट बघतो. दुपदरी रस्त्यावर अशी बस उभी राहिली की मागचे सरळ समोरच्या लेनमध्ये घुसतात. अशा ठिकाणी बेच हवा, आणि दोन बस मावतील एवढा लांब.

सिग्नलपाशी थांबा पलीकडेच घ्या. अलीकडे घेतला तर माणसं चढेपर्यंत हिरवा दिवा वाया जातो, डावीकडे वळणारे बसच्या पुढून कट मारतात. पलीकडे घेताना चौकापासून किमान पंचवीस मीटर सोडा. बस साधारण 12 मीटरची, मागून दुसरी आली तरी तिची शेपूट चौकात नको.

आराखड्याला हात घालण्याआधी शाळेच्या वेळेला तिथे उभं राहून बस किती वेळ थांबते ते मोबाईलवर मोजा. बहुतेक गाड्या अर्ध्या मिनिटात निघत असतील, तर मी बेवर पैसे घालणार नाही.