1932 च्या फोर्ड हॉट रॉडचा (वेगासाठी बदललेल्या जुन्या गाडीचा) पुढच्या चाकांकडचा सेट: 8 महिन्यांच्या वापरानंतर

सेट असा: 4 इंच ड्रॉपचा (गाडी तेवढी खाली बसवणारा) आय-बीम (I आकाराच्या छेदाचा) अ‍ॅक्सल, आडवा पाटा (लीफ स्प्रिंग), मधून कापून चॅसीला दोन बाजूंनी जोडलेला विशबोन (अ‍ॅक्सलला मागून धरणारा V आकाराचा दांडा), शेव्हरोले व्हेगा गाडीच्या पद्धतीचा क्रॉस-स्टीअरिंग बॉक्स (यात ड्रॅग लिंक हा दांडा आडवा जाऊन पलीकडचं चाक वळवतो), पुढे डिस्क ब्रेक. चांगला चाललाय, पण सुटे पार्ट आवडले म्हणून जमवले असते तर चालला नसता.

आय-बीम की ट्यूब (पोकळ नळीचा अ‍ॅक्सल), हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. विशबोन कापला की एक चाक खड्ड्यात जाताच अ‍ॅक्सलला पीळ बसतो. आय-बीम तो थोडा सोसतो, ट्यूब नाही. मग ब्रॅकेटचं वेल्डिंग तडकतं. फोर्डने व्ही8-60 (60 हॉर्सपॉवर इंजिनाची गाडी) ला ट्यूब दिली तेव्हा विशबोन अखंडच ठेवला होता. ट्यूबच हवी तर विशबोनऐवजी फोर-बार (प्रत्येक बाजूला दोन समांतर दांडे) लावा.

क्रॉस-स्टीअरिंगला पॅनहार्ड बार (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) लागतोच. पाटा शॅकलवर (टोकांच्या हलत्या जोडकड्यांवर) डुलतो, त्यामुळे बार नसेल तर स्टीअरिंग फिरवल्यावर आधी बॉडी बाजूला सरकते आणि चाकं नंतर वळतात. बार शक्यतो ड्रॅग लिंकएवढा लांब आणि तिला समांतर हवा. चॅसीवरचं टोक बॉक्सच्याच बाजूला. उलटा लावलात तर प्रत्येक उंचवट्यावर स्टीअरिंग हाताला हिसका देतं.

बॉक्समध्ये खेळ वाढला की वरचा स्क्रू आवळायचा मोह होतो. आवळा, पण चाकं अगदी सरळ ठेवूनच, तेही थोडं थोडं. मध्यावर जड लागलं तर लगेच सैल करा.

कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचा मागे कल) 6 अंश, टो-इन (चाकं पुढून किंचित आत वळलेली) 1/8 इंच. मागे मोठे टायर चढवले की चॅसी पुढे झुकते आणि तेवढाच कॅस्टर जातो, म्हणून माप शेवटचे टायर बसवल्यावरच घ्या. चाकं थरथरली तर लोक थेट स्टीअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा शॉक) विकत घेतात. आधी किंगपिनचे बुश, टायरॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे सांधे) आणि टायरचं बॅलन्सिंग बघा ना!

ब्रेकमध्ये खरी गोम मास्टर सिलिंडरची (पेडलचा दाब तेलाला देणारा भाग). तो फ्लोअरखाली, म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली असेल तर तेल परत उतरतं आणि पहिला पेडल खोल जातो. डिस्कच्या लाइनला 2 पीएसआयचा (दाबाचं माप) रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब टिकवणारा), ड्रमच्या लाइनला 10 चा. अदलाबदल झाली तर पॅड घासत राहतात, रोटर तापतो. काही मास्टर सिलिंडरमध्ये ड्रमसाठीचा व्हॉल्व्ह आतच असतो. विकत घेतानाच विचारा.

एकच पार्ट बदलावा लागला: डावा ब्रेक होज. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की विशबोनला घासत होता. आता क्लिप 1 इंच वर घेतली आहे.