नागपूरच्या धंतोलीतलं औषध बनवून देणारं दुकान: साडेतीन स्टार, अन् दीड का कापले तेही सांगतो

आधीच सांगतो, दुकानाचं नाव इथे टाकत नाही. आत खलबत्ता चालवणारा फार्मासिस्ट एकच आहे आणि त्यानेच हात जोडून सांगितलं की भाऊ, प्रसिद्धी नको, आहेत त्याच ऑर्डर वेळेत होत नाहीत. धंतोलीत लहान मुलांच्या डॉक्टरांकडे विचारा, बऱ्याच जणांना माहीत आहे.

तर विषय असा की बहिणीची पोरगी पाच किलोची, हृदयाला छिद्र, ऑपरेशन व्हायचंय. डॉक्टरांनी स्पायरोनोलॅक्टोन (अंगात साचलेलं पाणी लघवीवाटे काढणारं औषध) लिहिलं, ५ मिलिग्राम, सकाळ-संध्याकाळ. आता बाजारात गोळी मिळते २५ ची. सीताबर्डीपासून मेडिकल चौकापर्यंत विचारलं, लिक्विड कोणाकडेच नाही. एका मेडिकलवाल्याने सल्ला दिला की गोळी ५ एमएल पाण्यात विरघळवा अन् त्यातलं १ एमएल पाजा, झालं काम. हिशोब ऐकायला एकदम बरोबर वाटतो ना? पण हे औषध पाण्यात विरघळतच नाही जवळपास, चुरा तळाशी जाऊन बसतो. सिरिंज वरून भरली तर पोरीच्या पोटात नुसतं पाणी, तळातून भरली तर डबल-तिबल डोस, अन् हे अंगातलं पोटॅशियम वाढवणारं औषध, एवढ्याशा जीवाला ते झेपणारं नाही. ब्लेडने गोळीचे पाच तुकडे करणारे पण आहेत, ते पाचही तुकडे सारखे निघाले तर मला दाखवा.

या दुकानात काय करतात ते काचेच्या पार्टिशनमधून दिसतं, म्हणून सांगू शकतो. ३० एमएलच्या बाटलीला सहा गोळ्या लागतात, सहा गुणिले २५ म्हणजे १५० मिलिग्राम, म्हणजे एका एमएलमध्ये बरोबर ५. हा हिशोब त्याने आधी कागदावर मांडला, मग बहिणीला दाखवला, मग चिठ्ठीशी परत ताडून पाहिला. गोळ्या खलात घालून पार मैद्यासारख्या केल्या, मग दोन-चार थेंब ग्लिसरीन टाकून त्याची पेस्ट, कारण कोरड्या भुकटीवर एकदम पाणी ओतलं की गुठळ्या होतात. मग घट्टसर बेस थोडा थोडा घालत घोटत राहायचं, तो बेस औषधाचे कण तरंगत ठेवतो, पटकन खाली बसू देत नाही. सगळं मेजरिंग सिलिंडरमध्ये ओतल्यावर खलाला जे चिकटून राहिलं तेही उरलेल्या बेसने दोनदा विसळून त्यातच घेतलं, अन् शेवटी बरोबर ३० च्या रेघेपर्यंत आणलं. ते विसळणं बघून मला भरोसा आला खरं सांगतो, कारण तिथेच कितीतरी औषध वाया जातं अन् कोणाला कळत पण नाही.

आणि प्रश्न किती विचारतो बाप्पा! वजन किती, ते कधी केलं, दुसरी कोणती औषधं चालू आहेत, दूध वरचं की आईचं. वय तर दोनदा विचारलं, कारण म्हणे अगदी लहान बाळांना काही प्रिझर्व्हेटिव्ह (औषध टिकवायला घालतात ते) चालत नाहीत, बेन्झाइल अल्कोहोल तर नकोच. बहीण वैतागली थोडी, पण चिठ्ठी न वाचता बाटली सरकवणाऱ्यापेक्षा हा माणूस परवडला.

लेबल तर फ्रेम करून ठेवावं असं. मिलिग्राम आणि एमएल दोन्ही लिहिलेलं, बनवल्याची तारीख, संपायची तारीख, 'हलवून घ्या', 'फ्रिजमध्ये ठेवा'. १४ दिवसांचीच मुदत देतो. मी विचारलं एवढी कमी का, तर म्हणे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं पाण्याचं औषध आहे, अमेरिकन फार्माकोपियात (औषधांच्या नियमांचं पुस्तक) तोंडाने घ्यायच्या असल्या औषधाला फ्रिजमध्ये १४ दिवस अन् प्रिझर्व्हेटिव्ह असलेल्याला ३५ दिवस धरतात, मी त्याच्या पुढे जात नाही. दिवसाचे २ एमएल म्हणजे १४ दिवसांत २८, दोन एमएल सांडायला. आणि एक गोष्ट त्याने बहिणीला तीनदा बजावली: ताई, कोणी डॉक्टरने विचारलं तर 'एक एमएल देतो' असं नुसतं सांगू नका, '५ मिलिग्राम' सांगा, कारण दुसऱ्या दुकानाने दुसऱ्या ताकदीचं बनवलं तर तोच एक एमएल वेगळा डोस होतो.

आता कोणी म्हणेल यात नवीन काय. बरोबर आहे, जुन्या दवाखान्यांत कंपाउंडर लाल मिक्श्चर द्यायचा, बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली, एक खूण म्हणजे एक डोस, आणि पुड्या वेगळ्या. कायद्यात पण आहे हे सगळं. १९४५ च्या ड्रग्ज रूल्सच्या ६५ व्या नियमात दुकानात औषध बनवायचं तर रजिस्टर्ड फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच असं म्हटलंय, १९४८ च्या फार्मसी ॲक्टचं कलम ४२ पण तेच सांगतं. मजा म्हणजे त्याच नियमांत असंही आहे की चिठ्ठीवरून औषध बनवायची सोय असेल तरच पाटीवर 'फार्मसी' लिहायचं, नुसती तयार औषधं विकत असाल तर 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट'. आपल्या गावातल्या पाट्या एकदा या नजरेने वाचत जा, मस्त टाइमपास आहे. अमेरिकेत मात्र याची वेगळी दुकानंच असतात, आपल्याकडे तयार गोळ्या स्वस्त झाल्या अन् खलबत्ते माळ्यावर गेले.

मी थांबलो होतो तेव्हा बाजूला भंडाऱ्याकडचं एक जोडपं होतं. नवऱ्याचं जबड्याचं ऑपरेशन झालेलं, नाकातून नळी. कशाने ते विचारायची गरजच नाही, नागपुरात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) काय करून राहिला ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाई विचारत होती की बीपीची गोळी कुटून नळीतून टाकू का. फार्मासिस्टने स्ट्रिप हातात घेतली, मागे 'ईआर' लिहिलेलं दाखवलं अन् म्हणाला, काकू ही कुटायची नाही, ही दिवसभर थोडी थोडी सुटायला बनवलीय, कुटली तर सगळी एकदम अंगात जाईल, आधी डॉक्टरांकडून बदलून आणा. विकून मोकळा होऊ शकला असता, पण स्वतःच डॉक्टरांना फोन लावला. काकांना तोंड आलं होतं त्यासाठी लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) अन् अँटासिड मिसळून गुळण्या करायचं औषध पण तिथेच बनवून दिलं, चिठ्ठी होती त्याची.

नाही म्हणणारं दुकान मला आवडतं अन् हे दुकान नाही म्हणतं. आपल्या विदर्भात सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) लेकरं किती, त्यांना हायड्रॉक्सीयुरिया लागतं अन् दुकानात बहुतेक ५०० ची कॅप्सूलच मिळते, दहा किलोच्या पोराला साधारण १५० ते २०० लागतं. मी सहज विचारलं की हे पण पातळ करून देता का. तर सरळ नाही म्हणाला. ते पेशींवर काम करणारं औषध आहे, त्याची धूळ नाकात जायला नको, त्यासाठी वेगळी बंद जागा अन् हूड (धूळ ओढून घेणारं कपाट) लागतो, माझ्याकडे नाही, मोठ्या हॉस्पिटलच्या फार्मसीत विचारा. इंजेक्शन अन् डोळ्यांचे थेंब पण बनवत नाही. २०१२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या एका कंपाउंडिंग (औषधं बनवून देणाऱ्या) सेंटरमधून बुरशी लागलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं गेली, सातशेच्या वर लोक आजारी पडले अन् साठच्या वर मेले, त्यानंतर २०१३ मध्ये तिथे कायदाच बदलावा लागला. त्याला हे सगळं पाठ आहे.

याच्या उलट प्रकार पण बघितलाय. शेजारच्या काकूंना एका ठिकाणाहून (नाव नाही घेत) चेहऱ्याच्या डागांसाठी पांढरी डबी मिळाली, वर ना नाव, ना तारीख, विचारलं तर म्हणे स्पेशल क्रीम आहे. महिन्यात गोऱ्या झाल्या, लावणं बंद केलं तर चेहरा लालभडक अन् पुटकुळ्या. आत स्टेरॉइड होतं की काय ते सिद्ध कसं करणार, डबीवर काही लिहिलेलंच नाही. बनवून दिलेल्या औषधाला लेबल नसेल तर घेऊच नका, देणारा कितीही मोठा असो.

आता दीड स्टार का कापले.

एक दिवस आधी ऑर्डर द्यावी लागते अन् फोन उचलत नाहीत. व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो पाठवा, संध्याकाळी कधीतरी 'ठीक आहे' येतं. ओरिजिनल चिठ्ठी तरी न्यावीच लागते, ते योग्यच आहे पण फोनवर सांगा ना आधी. धंतोलीत पार्किंगचं तर बोलूच नका, गाडी लावायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात औषध बनून होतं. चव भयंकर, संत्र्याचा फ्लेवर टाकतो म्हणाला, संत्रानगरीत राहून असलं संत्रं आम्ही कधी चाखलं नव्हतं, पोरगी निम्मं थुंकते. किंमत ३० एमएलला १८० रुपये, सहा गोळ्यांच्या मानाने जास्त वाटते पण मेहनत बघता मी घासाघीस केली नाही.

अन् मोठी गोष्ट, प्रत्येक बाटलीत खरंच तेवढंच औषध आहे का याची लॅब टेस्ट होत नाही, कंपनीच्या औषधाच्या प्रत्येक बॅचची होते. हे त्याने स्वतःहून सांगितलं. म्हणूनच म्हणतो, बाजारात तयार मिळत असेल तर तेच घ्या, हौस म्हणून बनवून घेऊ नका. आमच्या डॉक्टरांनी पण पोटॅशियमची तपासणी चालूच ठेवलीय.

एप्रिल-मे मध्ये जाणार असाल तर बर्फाचा थर्मास न्या, दुकानवाला फक्त कागदी पिशवी देतो अन् ४५ डिग्रीत मनीषनगरपर्यंत डिक्कीत बाटलीचं काय होत असेल विचार करा. बाळाचं ताजं वजन कागदावर लिहून न्या. सिरिंज त्याच्याकडूनच मागा, फुकट देतो, चमच्याने देऊ नका. दुपारी दोन ते पाच बंद, रविवारी पूर्ण बंद, त्यामुळे बाटली शुक्रवारी संपणार असेल तर गुरुवारीच मेसेज टाका.