एअर इनटेक बदलून नऊ महिने झाले, शेवटी कंपनीचा डबा परत बसवला

आधी गाडी सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. 1.2 पेट्रोल हॅचबॅक, 1197 सीसी, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) नाही, सात वर्षं जुनी. राहायला नाशिकला, रोज अंबड एमआयडीसीत कामाला, पंधरा दिवसांनी एकदा ठाण्याला सासुरवाडी आणि मधूनमधून निफाडकडे गावी शेतावर, म्हणजे सिग्नल, हायवे, घाट, मातीचा रस्ता सगळं होतं.

डोक्यात किडा शिरला तो कसारा घाटात. ठाण्याहून येताना चौघं बसलेली, एसी चालू, पुढे ट्रेलर, आणि तिसऱ्यावर गाडी ओढतच नाही, दुसरा टाकावा लागतो. पिकअप वाढवायला काय करता येईल म्हणून विचारत सुटलो तर प्रत्येकाने इनटेकच, म्हणजे इंजिनला हवा पोचवणारा फिल्टर आणि पाइप, बदलायला सांगितलं. मागच्या ऑक्टोबरात कंपनीचा फिल्टरचा डबा काढून अॅल्युमिनियमचा पाइप आणि उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर बसवला, साडेनऊ हजार किट आणि सातशे मजुरी.

पहिले दोन आठवडे मी खरंच खुश होतो. आवाज! साडेतीन हजार आरपीएमच्या वर पाय दाबला की बोनेटखालून असा भरदार आवाज यायचा की गाडी धावतेयच असं वाटायचं. पण मग एक ओबीडी डोंगल (गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) घेतलं, मोबाइलला जोडलं आणि मोजायला लागलो. बसवायच्या आधी सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये 40 ते 80 चे व्हिडिओ काढून ठेवले होते, त्याच रस्त्यावर, गाडीत तेवढीच माणसं, एसी बंद, परत काढले. पाच-पाच वेळा करून सरासरीत फरक सेकंदाच्या दहाव्या भागाचा, म्हणजे काहीच नाही.

आणि खरी गंमत ट्रॅफिकमध्ये कळली. कंपनीचा डबा बंद असतो, त्याचं नळकांडं पुढच्या बाजूने बाहेरची हवा घेतं. कोन फिल्टर मात्र बोनेटखाली उघडा, रेडिएटर आणि इंजिनची गरम हवाच ओढतो. एप्रिलमध्ये द्वारका सर्कलला अडकलो तेव्हा इनटेकचं तापमान 67 दाखवत होतं, कंपनीच्या डब्याने अशाच गर्दीत ते पन्नाशीच्या आत असतं. हवा साधारण 3 डिग्रीने तापली की 1 टक्का विरळ होते, म्हणजे जवळजवळ 6 टक्के हवा इथेच कमी झाली. सिग्नल सुटल्यावर गाडी मेल्यासारखी निघायची त्याचं कारण हे. हायवेला वेग घेतला की तापमान उतरायचं, पण मला पिकअप हवा होता तो घाटात, दहा-पंधराच्या वेगाने ट्रेलरमागे चढताना, आणि तिथेच इंजिन सगळ्यात तापलेलं.

अॅव्हरेजचं पण सांगतो कारण दुकानदार हमखास तेच सांगतात. टाकी फुल ते टाकी फुल, आधी 16.8 होतं, नंतर 16.4. रोजच्या चालवण्यात आपण एक्सलरेटर पाव-अर्धाच दाबतो, तेव्हा हवेला अडवते ती थ्रॉटलची झडप, फिल्टर नाही, मग फिल्टर मोकळा करून पेट्रोल वाचणार कुठून? ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ऑक्सिजन सेन्सर बघून 1 ग्रॅम पेट्रोलला 14.7 ग्रॅम हवा हे गणित जमवतच असतो. अमेरिकेत ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने 2009 साली मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून बघितले, त्यातही आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांच्या अॅव्हरेजमध्ये फरक पडला नव्हता, पिकअप मात्र चोंदलेल्या फिल्टरने कमी होतो. म्हणजे फिल्टर वेळेवर बदला, एवढंच त्यातून निघतं.

मला सगळ्यात लागलं ते मात्र धुळीचं. मार्च-एप्रिलमध्ये शेताकडच्या रस्त्याला नुसता फुफाटा असतो. मे मध्ये पाइप उघडून आतून पांढरं फडकं फिरवलं तर तपकिरी बारीक थर आला, फिल्टरच्या पुढचा म्हणजे इंजिनकडचा भाग हा! ही धूळ सिलिंडर घासते, आज कळत नाही, चार वर्षांनी ऑइल खायला लागल्यावर कळतं. हा कोन कॉटनचा, असा फिल्टर धुवून तेल लावायचं असतं, तेल कमी पडलं तर धूळ आत जाते आणि जास्त झालं तर ज्या गाड्यांना एअरफ्लो (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर आहे त्या सेन्सरच्या तारेवर बसतं. माझ्या हातून तेल कमी लागलं असेलही, पण शेतावरून आल्यावर दर वेळी कोण धुवत बसणार.

जूनमध्ये पाऊस लागला तसा मी काढूनच टाकला. इगतपुरीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, आणि पाणी इंजिनमध्ये ओढलं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, साध्या इन्शुरन्समध्ये ते येत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं.

आता जुना डबा, कंपनीचा कागदी फिल्टर, साडेतीनशे रुपये. सोबत चारही स्पार्क प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि टायरची हवा दर रविवारी बघतो. परवा ठाण्याहून येताना घाटात दुसरा टाकावा लागलाच, पण तिसऱ्यावर आधीपेक्षा जरा वरपर्यंत आली, ती प्लगमुळे असावी.

टर्बो गाडी असेल आणि रीमॅप (ईसीयूचं प्रोग्रामिंग बदलणं) करणार असाल तर इनटेकचा उपयोग होतो, तेही बंद डब्याचा आणि बाहेरची हवा घेणारा घ्या. साध्या पेट्रोलला मी कुणालाच सांगणार नाही. माझा कोन आणि पाइप माळ्यावर ठेवलाय, विकायला काढला होता, पण घ्यायला आलेल्या मुलाची गाडी माझ्यासारखीच निघाली म्हणून त्याला फडकं दाखवलं आणि परत पाठवलं.