बडोद्यात गेको पाळायचा तर लेपर्ड की क्रेस्टेड?

गेको, म्हणजे पालीच्या कुळातला प्राणी, पाळायचं नक्की झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: लेपर्ड घ्यायचा की क्रेस्टेड? फोटो बघून ठरवायचं तर क्रेस्टेड बाजी मारतो. डोळ्यांवर पापणीच्या केसांसारखे काटे, कायम हसरा वाटणारा चेहरा, काचेवर सरसर चढणारी पावलं. पण बडोद्यात निकाल लावते ती हवा. म्हणून माझं मत आधीच सांगतो. पहिलाच गेको असेल तर लेपर्ड घ्या. क्रेस्टेड त्यानंच घ्यावा, ज्याची वर्षातले निदान पाच महिने एका खोलीत एसी चालू ठेवायची ऐपतही आहे आणि तयारीही.

दोघांचे मुलूख बघा म्हणजे कारण कळेल. लेपर्ड गेको अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या कोरड्या, खडकाळ पट्ट्यातला. दिवसा दगडाच्या कपारीत, अंधार पडला की बाहेर. कडक उन्हाळा आणि बोचरी थंडी, दोन्ही त्याच्या पिढ्यांनी पाहिली आहेत. क्रेस्टेड न्यू कॅलेडोनियाचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या बेटांवरचा, झाडांवर राहणारा. 1866 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली, पुढे तो नामशेष झाला असंच सगळे धरून चालले आणि 1994 मध्ये तो पुन्हा सापडला. आज जगभर पाळले जाणारे क्रेस्टेड हे त्या सुमारास बाहेर आलेल्या मोजक्या प्राण्यांचे वंशज आहेत. त्याला 22 ते 26 अंश तापमान मानवतं. 28 च्या वर त्याचे हाल सुरू होतात आणि 30 च्या वर फार वेळ राहिला तर जीवावर बेतू शकतं.

आता आपला मे महिना आठवा. बाहेर 41-42, आणि पंखा लावलेल्या खोलीतही 34-35. पंख्याचा वारा आपल्याला गार लागतो तो घामामुळे. गेकोला घाम येत नाही, त्यामुळे पंख्याखाली ठेवलेला क्रेस्टेड त्याच 35 अंशांत शिजत असतो. टँकवर, म्हणजे त्याच्या काचेच्या पेटीवर, पाणी फवारूनही एक-दोन अंशांपलीकडे फरक पडत नाही. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याची तळमजल्यावरची, जाड भिंतींची खोली असेल तर गोष्ट थोडी सोपी होते. गोत्रीकडचा किंवा मांजलपूरचा वरच्या मजल्यावरचा, थेट धाब्याखालचा फ्लॅट असेल तर क्रेस्टेडचा विचार सोडून द्या, किंवा एसीला इन्व्हर्टरची जोड द्या. दुपारी दोन वाजता गेलेली वीज पाच वाजता येते, तेवढा वेळ क्रेस्टेडच्या जीवावर बेतायला पुरतो.

लेपर्डसाठी उन्हाळ्यात काहीच करावं लागत नाही असं मात्र समजू नका. त्याला टँकमध्ये दोन टोकं लागतात: एका बाजूला 32 च्या आसपासची ऊब आणि दुसऱ्या बाजूला 25-26 चा गारवा. ऊब पोटाखालून मिळाली की खाल्लेलं पचतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 12-13 वर उतरतो, तेव्हा हीट मॅट (टँकखाली ठेवायची, विजेवर तापणारी चटई) लागतेच, आणि ती थर्मोस्टॅटशिवाय कधीही लावू नये; पोट भाजलेले लेपर्ड पाहवत नाहीत. मे महिन्यात उलट. मॅट बंद करायची आणि गार टोक सांभाळायचं. त्यासाठी आपल्याकडचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे फुटका माठ. माठाचा अर्धा तुकडा पालथा घालायचा, खाली ओलं स्पंजाचं फडकं ठेवायचं आणि माठाची पाठ दिवसातून दोनदा भिजवायची. आतली हवा बाहेरच्या टँकपेक्षा जाणवण्याइतकी गार राहते, आणि हाच ओला हाइड (लपायची जागा) कात टाकताना उपयोगी पडतो. बोटांच्या टोकाला अडकलेली कात काढली नाही तर रक्तपुरवठा बंद होऊन बोट झडतं, म्हणून हा तुकडा बारा महिने असू द्यावा. तळाला वाळू नको. भक्ष्यासोबत पोटात गेलेली वाळू आतड्यात अडकू शकते. फरशी बसवणाऱ्याकडून उरलेला कोटा दगडाचा तुकडा मागून आणा. तो धुता येतो, गार राहतो आणि त्यावर नखंही घासली जातात.

पावसाळ्यात पारडं थोडं फिरतं. दमट हवा क्रेस्टेडला हवीच असते, 60 ते 80 टक्के. लेपर्डला तीच बाधते; टँकला हवा खेळायला जाळी नसेल तर नाकातून फेस, तोंड उघडं ठेवून श्वास, अशी लक्षणं दिसतात. अशा वेळी घरगुती औषध करू नका. सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा. बडोद्यात नाही मिळाला तर आणंदचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे.

खाण्याच्या बाबतीत क्रेस्टेड सरळ जिंकतो. त्याच्यासाठी तयार पावडर मिळते, पाण्यात कालवून वाटीत ठेवली की झालं. पाकीट परदेशी असतं, महाग असतं आणि उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, एवढीच अडचण. लेपर्ड निव्वळ किडे खातो, तेही जिवंत. रातकिडे, डुबिया झुरळं, मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या). स्वयंपाकघर शुद्ध शाकाहारी असलेल्या घरात हा विषय आधी काढा, प्राणी आणल्यावर नको. मीलवर्म घरीच वाढवता येतात: पसरट डबा, गव्हाचा कोंडा, ओलाव्यापुरता गाजराचा तुकडा. वास येत नाही, आवाज येत नाही, आणि आजींनाही काही दिवसांत सवय होते. किडे देण्याआधी पिशवीत चिमूटभर कॅल्शियम पावडर टाकून हलवायचं. कॅल्शियम आणि डी-3 कमी पडलं की हाडं मऊ होतात, जबडा रबरासारखा वाकतो, आणि वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही.

घरात लहान मुलं असतील तर माझ्या दृष्टीनं प्रश्नच नाही. लेपर्ड तळहातावर सावकाश चालतो. क्रेस्टेड उडी मारतो, तीही पूर्वसूचना न देता, म्हणून त्याला बाहेर काढताना पंखा बंदच हवा. शेपूट दोघंही टाकतात. लेपर्डची परत येते, थोडी बसकी आणि बेढब. क्रेस्टेडची कधीच येत नाही.

पिल्लं घ्यायची असतील तर तुलना आणखी एकतर्फी होते. दोन्ही जातींत मादी एका वेळी साधारण दोन अंडी घालते, आणि एकदा मीलन झालं की पुढचे काही घाणे त्याच बीजावर निघतात. लेपर्डची अंडी 28 अंशांना दोन महिन्यांच्या आत फुटतात. शिवाय तापमानावर नर-मादी ठरतं: 26-27 ला बहुतेक माद्या, 32 च्या आसपास बहुतेक नर. क्रेस्टेडच्या अंड्यांना 22 ते 25 लागतं, आणि तिथं तीन महिने, कधी त्याहून जास्त जातात.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. थर्मोकोलच्या खोक्यात हीटर बसवून केलेला इन्क्युबेटर फक्त ऊब देतो, गार करू शकत नाही. खोलीच 35 वर असेल तर 28 ला लावलेला थर्मोस्टॅट नुसता बंद राहतो आणि अंडी 35 ला उकडतात. म्हणून बडोद्यात लेपर्डची जोडी डिसेंबरच्या थंडीनंतर लावावी. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत आलेली अंडी उन्हाचा कडाका सुरू होण्याआधी फुटतात. एप्रिलनंतरची अंडी एसीच्या खोलीतच ठेवावी लागतात. क्रेस्टेडला ही सवलत नाही. आपल्या हिवाळ्यात 22 ते 25 चे सलग तीन महिने बसत नाहीत.

अंडं उचलताना ते आलं तसंच उचलायचं, फिरवायचं नाही. वरच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक खूण करून ओल्या पर्लाइटमध्ये (बागकामातले हलके पांढरे खडे) अर्धं रुतवायचं. आठवड्यानं अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून पाहा. आत गुलाबी झाक आणि लाल शिरांचं कडं दिसलं तर अंडं जिवंत आहे, नुसतं पिवळं दिसलं तर बहुधा रिकामं. फुटायच्या आधी अंडं थोडं आत बसतं आणि त्यावर दव धरतं. पिल्लू नाक बाहेर काढून तासन् तास तसंच बसून राहतं, तेव्हा त्याला ओढू नका. उरलेला बलक शोषून घेणं चाललेलं असतं. मादीचं वजन निदान 45-50 ग्रॅम झाल्याशिवाय जोडी लावू नये, आणि दोन नर एका टँकमध्ये कधीच नकोत.

रंगांच्या हौसेबद्दल माझं मत ठाम आहे. लेपर्डमधला लेमन फ्रॉस्ट हा मॉर्फ (पैदाशीतून आलेला रंगप्रकार) दिसायला देखणा असतो, पण त्या रंगाच्या जनुकाबरोबर त्वचेच्या गाठी येतात. 2021 मध्ये त्यावर संशोधनही प्रसिद्ध झालं. एनिग्मा मॉर्फची बरीच पिल्लं मान वाकडी करून गोल गोल फिरतात. क्रेस्टेडमध्ये दोन लिली व्हाइट एकत्र आणले तर दुहेरी जनुकाची पिल्लं वाचत नाहीत. विकणारा हे सांगत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

कायद्याकडे काणाडोळा करू नका. गुजरात-महाराष्ट्रात आपला स्वतःचा रानटी लेपर्ड गेको आहे, यूब्लेफॅरिस फस्कस. गावाकडे त्याला विषारी समजून मारतात. जगात एकही गेको विषारी नाही. त्याला रानातून आणू नका आणि आणलेला विकत घेऊ नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 2022 मध्ये मोठे बदल झाले, आणि साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीतल्या परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम 2024 मध्ये आले. म्हणून पैसे देण्याआधी जातीचं शास्त्रीय नाव घेऊन वनखात्याच्या कार्यालयात लेखी विचारा, आणि प्राणी बंदिवासात जन्मल्याचा कागद बिलासोबत घ्या. पिल्लं विकायचा विचार असेल तर हे दुप्पट लागू.

दोघंही पंधरा-वीस वर्षं जगतात. आज दहावीतला मुलगा नोकरीला लागेल, बंगळुरूला जाईल, तेव्हा टँक आईच्या गळ्यात पडेल. तिला किडे चालतील की पावडर, हे तिलाच विचारा. लेपर्ड ठरला तर दिवाळीनंतर आणा, म्हणजे उन्हाळ्याआधी तो रुळतो. मन क्रेस्टेडवरच असेल तर कमाल-किमान दाखवणारा तापमापी आत्ताच खोलीत लावा, आणि एक पूर्ण मे महिना त्याचे आकडे लिहून काढल्यावर पैसे भरा.