ग्रामप्रिया कोंबड्या : दीड वर्षाचा हिशेब

दीड वर्षापूर्वी ग्रामप्रियाची एक दिवसाची 30 पिल्लं आणली. विकणाऱ्याने ‘सगळ्या माद्या’ म्हणून छातीठोक सांगितलं होतं. निघाले 11 कोंबडे! त्यांचा रस्सा झाला, पण मला अंडी हवी होती. पाचपैकी एक तारा तिथंच कापला. पाच तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, मुंगसाने नेल्या, तो दोष आमच्या खुराड्याचा.

उरल्या 14. साडेपाच महिन्यांनी अंड्यावर आल्या आणि मी कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहायला लागले. वर्षाची बेरीज 2,366, म्हणजे कोंबडीमागे 169. सासूबाईंच्या गावरान कोंबड्या वर्षाला साठेक देतात. ज्या रानकोंबडीपासून हे सगळं गोत आलं, ती जेमतेम 10-15 घालते, आणि पोल्ट्रीतली पांढरी लेयर 300 च्या वर. ग्रामप्रिया मधली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठीच काढलेली.

एवढा फरक कशाने, ते आमच्या अंगणातच दिसतं. गावरान कोंबडी 12-15 अंडी घालते नि खुडूक होते. मग 21 दिवस डालग्याखाली पिसं फुगवून बसणार, हात घातला की टोचणार, पुढं दोन महिने पिल्लं फिरवणार. तेवढा काळ अंडी बंद. निवड करणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या खुडूक न होणाऱ्या कोंबड्याच पुढे ठेवल्या. माझ्या 14 पैकी एकही वर्षभरात बसली नाही. सासूबाई म्हणतात, “अंडं टाकती नि पाठ फिरवती. पोरं कोण काढायची हिची?”

शेवटी गावरानच. तिच्याखाली ग्रामप्रियाची नऊ तपकिरी अंडी ठेवली, सात पिल्लं निघाली. पण ग्रामप्रिया संकरित, त्यामुळे ही पिल्लं आईइतकी अंडी देतील याचा भरवसा नाही. म्हणजे दर खेपेला पिल्लं विकतच घ्यायची.

खाण्यात कंजुषी चालत नाही. श्रावणात शिंपल्यांचा चुरा संपला, मी आठवडाभर टाळलं. एका सकाळी हाताला कवच नसलेलं अंडं लागलं, ओल्या पिशवीसारखं लिबलिबीत. अंड्यांचा सपाटा एवढा, की कॅल्शियम बाहेरून मिळालं नाही तर ती हाडांतलं काढते.

चवीत मला फरक कळत नाही, सासूबाईंना डोळे मिटूनही कळतो म्हणे. गिऱ्हाईक गावरानला 15 देतं, हिला 10. तरी महिन्याचा हिशेब हिच्याच बाजूने.

पाचपैकी साडेतीन तारे. पुढच्या खेपेला दोन महिन्यांच्या तलंगा घेणार, तुरा बघून, एकेक हातात धरून.