जपानी स्विच २: स्वस्तातला की बहुभाषिक?

टोकियोहून येणाऱ्या भावाला निन्टेन्डो स्विच २ हे व्हिडिओ गेमचं यंत्र आणायला सांगताय? मग नेमका कुठला, तेही सांगा. जून २०२५मध्ये तिथे दोन प्रकार आले: फक्त जपानी भाषेचा ४९,९८० येनला, बहुभाषिक ६९,९८० येनला. फरक मोहात पाडणारा आहे खरा. पण स्वस्त यंत्रात मेनूपासून सेटिंगपर्यंत सगळं जपानीत, आणि निन्टेन्डोचं ऑनलाइन खातंही जपानचंच लागतं. तिथल्या ई-शॉपवर, म्हणजे निन्टेन्डोच्या ऑनलाइन गेम दुकानात, मार्च २०२५पासून परदेशी कार्डं चालत नाहीत, म्हणजे गेम विकत घ्यायला जपानी प्रीपेड कार्ड शोधत बसा. बहुभाषिक यंत्रात इंग्रजी निवडायची, दुसऱ्या देशाचं खातं जोडायचं, झालं. पोरांसाठी मी डोळे झाकून हाच घेईन. चार्जर दोन्हींचा १०० ते २४० व्होल्टचा. फक्त चपट्या पिनेसाठी प्लग अ‍ॅडॉप्टर घ्या.