पंचायतीचा ई-स्वत्तु उतारा : संगणक चोख, अडतं ते त्याच्या आधी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गावठाणातलं घर विकायचं असेल तर हाती लिहिलेला पंचायत उतारा आता चालत नाही. ई-स्वत्तु या कर्नाटक सरकारच्या ग्रामपंचायत मालमत्तांच्या संगणकीय नोंदवहीतला फॉर्म ९ आणि ११-अ लागतो. खरेदीपत्रं नोंदवणारी नोंदणी कचेरीतली कावेरी ही संगणक प्रणाली मालमत्तेची माहिती थेट तिथूनच घेते. एकच घर दोघांना विकण्याची जुनी फसवणूक यामुळे अवघड झाली, आणि एवढ्यासाठी तरी ही सेवा मोलाची आहे.

फॉर्म ९ म्हणजे अधिकृत बिगरशेती मालमत्तेची नोंद, ११-अ म्हणजे तिच्या कराची. ११-ब मात्र वेगळा. बिगरशेती परवानगी न घेता शेतात पाडलेल्या प्लॉटला तो मिळतो. त्यावर घरपट्टी भरता येते, प्लॉट अधिकृत होत नाही. ‘पंचायतीचा उतारा आहे की’ एवढ्या शब्दावर इसार देऊ नका, कागदावरचा फॉर्म क्रमांक वाचा.

अर्जासोबत मालकीचा कागद, घरपट्टीची पावती, आधार आणि फोटो द्यावा लागतो. गावठाणातल्या जागेची मोजणी भूमापन खात्याकडून होते. सर्व्हेअरच्या नकाशाशिवाय फॉर्म ९ ची फाईल हलत नाही. पंचायतीत नोंद भरली जाते, तपासली जाते आणि शेवटी पीडीओची (पंचायत विकास अधिकाऱ्याची) डिजिटल सही होते.

रखडण्याचं सगळ्यात मोठं कारण वारसा. घर अजून आजोबांच्या नावावर, राहणारे चार चुलते. अशा वेळी आधी मृत्यूचा दाखला आणि वंशावळ देऊन वारसनोंद करून घ्यावी, मगच उताऱ्याच्या मागे लागावं. भावांच्या स्वतंत्र हिश्श्यांना नोंदणीकृत वाटणीपत्र हवं, साध्या स्टॅम्पवरची वाटणी पुरत नाही. मोजणीच्या दिवशी चारी बाजूंचे शेजारी हजर ठेवा. कागदावरची चतुःसीमा तीस-चाळीस वर्षांपूर्वीची असते. मधल्या काळात पूर्वेचं घर विकलेलं असतं, बोळ बुजलेला असतो. मग नकाशा एक सांगतो आणि खरेदीपत्र दुसरंच.

या सेवेची खरी उणीव भाषा. उतारा पूर्ण कन्नडमध्ये येतो. मराठी नाव कन्नड लिपीत जाताना ऱ्हस्व-दीर्घ बदलतं, वडिलांचं नाव किंवा आडनाव गळतं, आणि आधारशी न जुळल्यानं काम नेमकं नोंदणीच्या दिवशी अडतं. सहीपूर्वी कच्ची प्रत मागा, कन्नड वाचणाऱ्याकडून प्रत्येक नाव, लांबी-रुंदी आणि चतुःसीमा वाचून घ्या. सही झाल्यावर एका वेलांटीसाठीही दुरुस्तीचा नवा अर्ज करावा लागतो. भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या केंद्राच्या १९५६ च्या निवेदनात त्यांची लोकसंख्या १५ टक्क्यांपासून पुढे असलेल्या भागात महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही देण्याची तरतूद आहे. घराचा उतारा याहून कमी महत्त्वाचा नाही; कन्नडच्या खाली मराठी ओळ छापायलाच हवी.